शेवटच्या हाताची गाठ

माझी आत्या मोटारींच्या इलेक्ट्रिकची कामं करते. तिच्या गॅरेजात एकच गाडी मावते. दुसरी आली की ती रस्त्यातच थांबते. त्या दिवशी दुपारी रस्त्यात एक जुनी राखाडी गाडी थांबली. आत्याने मान वर केली, हातातला पाना खाली ठेवला आणि सावकाश हात पुसले.

"बघ," ती मला म्हणाली, "आला. नाक मुठीत धरून आला."

तो तिचा जुना फोरमन होता, आता रिटायर झालेला. त्याची गोष्ट घरात आम्हा सगळ्यांना पाठ होती.

आत्या पूर्वी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होती. तिथे प्रत्येक कारागिराचा एक रंग ठरलेला असे. काम झालं की त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कोणाचं काम ते कळतं. हजेरीच्या खिडकीशेजारी सगळ्यांची नावं आणि ठिपके असलेला फळा होता. आत्याचा हिरवा. गाडी बाहेर पडण्याआधी फोरमन तिच्यावरून 'शेवटचा हात' फिरवायचा. कुठे तार लोंबताना दिसली की मेणाच्या दोऱ्याने करकचून बांधायचा. "माझी तार हलत नाही," असं छाती पुढे काढून सांगायचा. शेवटच्या हाताला मात्र ठिपका नव्हता.

एकदा आत्याच्या हातची गाडी भर चौकात फट्ट करून बंद पडली आणि मागून दुसरी येऊन आदळली. फोरमनने काही उघडून पाहिलं नाही. "ठिपका कोणाचा?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्यांसमोर त्याने फळ्यावरचा हिरवा ठिपका चाकूने खरवडला आणि आत्याला गाड्या धुवायला बसवलं. दोन वर्षं ती धूत होती. ती पाइप घेऊन निघाली की पोरं तोंडाने "फट्ट!" करायची. शेवटी तिने नोकरी सोडली. डोक्यातून ते "फट्ट" मात्र गेलं नाही.

"बाई," फोरमन म्हणाला, "चालता चालता सायलेन्सरमधून बार निघतो आणि गाडी बंद पडते. पाच मिनिटांनी आपोआप चालू. कधी आठवडाभर काही नाही, तर कधी दिवसात चारदा. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, टाकी धुतली. तीन गॅरेजं झाली."

"आणि मग आमची आठवण झाली."

"तिघांनीही तुमचंच नाव सांगितलं."

"साहेब, नावं ठेवणारे तर तुम्हीच होतात."

तो ओशाळं हसला. मी इंजिनिअरिंग शिकलेली. लगेच मीटर काढला आणि जिथे पोचता येत होतं त्या सगळ्या तारा तपासल्या. सगळं ठीक.

"तुझा मीटर उभ्या गाडीचं सांगतो," आत्या म्हणाली. "दुखणं चालत्या गाडीचं आहे. सरक."

तिने फोरमनला स्टिअरिंगवर बसवून इंजिन चालू करायला लावलं. मग डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याची, बारीक रबरी नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून सरळ तोंडात धरली आणि ओढली.

फट्ट! गाडी बंद.

"चालू करा, साहेब."

तिने नळी सोडली होती. गाडी मुकाट चालू झाली. तिने परत ओढली. फट्ट!

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी हलक्या पायाने चालवली की या नळीतून ओढ येते आणि डब्यातली चकती थोडी फिरते. चकतीबरोबर तिची तारही फिरते. तार आतून तुटलेली असेल तर नेमकी तेव्हाच ठिणगी हुकते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत जातं आणि तिथे पेटतं. दुखणं दुसऱ्यांदाच कळलं होतं. पण आत्या थांबेना.

"चालू करा." फट्ट! "चालू करा." फट्ट!

समोरचा शिंपी हातातल्या कात्रीसकट बाहेर आला. औषधवाला आला. दोन शाळकरी मुली हसायला लागल्या. फोरमनच्या कपाळावर घाम आला. सातव्या फट्टला तो खेकसला, "अगं, पुरे की!"

"का? कसं वाटतं ऐकायला?"

मग तिने डब्याचं झाकण काढलं आणि त्याला खाली उतरवून आत बघायला लावलं. चकतीच्या तारेला मेणाचा दोरा, दोन वेढे आणि वर दुहेरी गाठ. बाहेरून तार धडधाकट. आत्याने चिमट्याने गाठ सोडवली आणि तार वाकवली, तर आत तांब्याचा एकही धागा शाबूत नव्हता.

"ही तार हलायलाच हवी, साहेब. चकती फिरते. मी सैल ठेवायचे. तुम्ही बांधायचात."

त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"तीन गॅरेजांत एकानेही डबा उघडला नाही?" आत्याने विचारलं.

"मीच उघडू दिला नाही," तो पुटपुटला. "म्हटलं, तो मी स्वतः बांधलाय. त्यात काही होणार नाही."

शिंपी फिसकन हसला.

"मग चौकातली ती गाडी कोणाच्या गाठीनं बंद पडली?"

"अगं, किती वर्षं झाली... तू अजून तेच धरून बसलीस?"

"तुम्हीच शिकवलंत. करकचून धरायचं, सैल सोडायचं नाही." तिने ती तार दोऱ्यासकट काढून खिशात घातली. "गाडी इथेच राहील. वर्कशॉप चार चौकांवर आहे. दोनच्या हजेरीला पोचू."

"एवढ्याशा गाठीसाठी?"

"एवढ्याशा गाठीसाठीच."

गाडी उघडी, तार आत्याच्या खिशात. जातो कुठे? आत्या पुढे, तो मागे आणि हिरवा रंग असलेली बाटली घेऊन मी त्याच्या मागे.

हजेरीच्या खिडकीपाशी निम्मे चेहरे नवे होते, निम्मे "फट्ट" करणारे. नव्यांनी आत्याकडे पाहिलं, जुन्यांनी जमिनीकडे. फोरमन घसा खाकरून म्हणाला, "त्या गाडीत चूक हिची नव्हती."

"मागच्यांना ऐकू आलं नाही," आत्या म्हणाली.

"चूक हिची नव्हती! तार मी बांधली होती!"

कोणी तोंडाने फट्ट केलं नाही. आत्याने तुटकी तार, दोऱ्यासकट, फळ्याच्या खिळ्याला अडकवली आणि मी बाटली उघडून त्याच्यापुढे धरली. खरवडलेली जागा अजून तशीच होती. त्याने बोट बुडवलं आणि घाईघाईने ठिपका दिला. रंगाचा एक ओघळ खाली आला.

"वाकडा आला," तो म्हणाला. "पुसून परत काढू?"

"राहू दे," आत्या म्हणाली. "तुमचं काम आहे, हे लांबूनही ओळखू येईल."

संध्याकाळी तिने नवी तार बसवली, सैल ठेवून. वर हिरवा ठिपका दिला. गाडी न अडखळता निघून गेली, आणि आत्या ती वळणापार दिसेनाशी होईपर्यंत कान देऊन उभी होती.