म्हशी नसलेला ग्रह

आम्हा खगोलशास्त्रज्ञांना दूरच्या एका ग्रहाच्या वातावरणात मिथेन असल्यासारखं वाटलं, आणि मी मूर्खासारखा जेवताना चुलत्यांना सांगून बसलो. चुलते म्हशीवाले. रोज संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यातच धार काढून देतात. घरामागं गोबरगॅस.

"मिथेन म्हंजे शेणाचाच गॅस की! मग तितं म्हशी असणारच."

मी कपाळ बडवून घेतलं. अहो, ताऱ्याचा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो, त्यातले काही रंग थोडे कमी पडलेले दिसतात, एवढ्यावरनं आम्ही गॅस ओळखतो. जनावर कुठलं दिसायला! पण ऐकतंय कोण? कट्ट्यावरचं गिऱ्हाईक मला अडवून विचारायला लागलं, "म्हशी मुऱ्हा हायत का पंढरपुरी?"

पुढं कळलं, मिथेन नव्हताच. ताऱ्यावरच्या डागांनी आम्हाला चकवलं होतं. तोंड पाडून चुलत्यांना सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"असूंदे. यंदा भाकड असंल."

मी चिडून उठलो. आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये परदेशातल्या सहकाऱ्यांपुढं त्या ग्रहाबद्दल बोलताना माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "भाकड."