झोका देऊन राह्यली

माझी माय अट्टल खोटारडी होती.

परवा सकाळी गेली.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माय मेडशीजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका नाही, मदतनीस. खिचडी शिजवणारी, घरोघरून लेकरं गोळा करून आणणारी.

महिन्यातून एकदा लेकरांचं वजन करायचा दिवस यायचा. त्या दिवशी निम्म्या वस्तीची दारं बंद.

वजन केलं की नजर लागते, आकडा तोंडातून निघाला की लेकरू सुकतं, असं बायका मानायच्या.

माय दार वाजवायची. "अवं उघड व. वजन नाई करत, झोका देऊन राह्यली."

अंगणवाडीच्या चौकटीला लटकवलेला वजनकाटा, त्याला कापडाची झोळी. लेकरू झोळीत बसलं की माय हलकेच झोका द्यायची. झोका थांबला की तिरक्या नजरेनं काटा बघायची.

तोंडातून अवाक्षर नाही. हात पाठीमागे नेऊन बोटांनी सेविकाबाईंना सांगायची. आधी किलो, मग वरचे शंभर-शंभर ग्रॅम.

मी शाळेतून आले की दारात उभी राहून ती बोटं बघायची.

मग मी लेकरांची डॉक्टर झाले, चंदीगडला मोठ्या हॉस्पिटलात लागले, आणि अर्थातच जास्त शहाणी झाले.

"माय, ही फसवणूक आहे. कन्सेंट नावाची काही गोष्ट असते."

"तुहं इंग्रजी तुह्यापाशी ठेव. लेकरू झोळीत आलं ना?"

दोन वर्षांपूर्वी माय महिनाभर माझ्याकडे राहायला आली. एक दिवस तिला हॉस्पिटल दाखवलं.

काचेच्या पेटीतली तळहाताएवढी बाळं. लसीकरणाचा हॉल, टोकन घेऊन बसलेल्या बायका. कामावर जाणाऱ्या आयांच्या लेकरांसाठी पाळणाघर. सुकलेल्या लेकरांचा वेगळा वॉर्ड, तिथे आईलाही खाट आणि दोन वेळचं जेवण.

दुधाच्या बँकेपाशी तर तिनं चपला काढल्या. एका आईचं दूध दुसऱ्या आईच्या लेकरासाठी जपून ठेवतात, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिला तीनदा ऐकायचं होतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "पोरी, इथं तं लेकरू मरूच नये."

मला कोण अभिमान वाटला. जसं काही ते सगळं मीच बांधलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात माय माझा डबा घेऊन वॉर्डात आली, तेव्हा एक बाई गाठोडं बांधत होती.

बांधकामावर काम करणारी, बुंदेलखंडाकडची. नऊ महिन्यांची मुलगी, नुसती हाडं. दूध किती द्यायचं ते आम्ही रोजच्या वजनावर ठरवतो. आणि ही बाई नजर लागेल म्हणून लेकराला काट्यावर ठेवू देईना.

मी समजावलं. सिस्टरनं समजावलं. समुपदेशक येऊन गेल्या. शेवटी 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेते' हा कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं अंगठा शाईत बुडवला होता.

ती मुलगी घरी गेली असती तर आठवडा काढला नसता. हे मला माहीत होतं.

"काहून चालली ते?" मायनं विचारलं. मी सांगितलं.

मायनं डबा खाली ठेवला. आमच्या चकचकीत काट्याकडे बघितलं. त्यावर लाल आकडे लुकलुकत होते.

"हे असं दाखोता का तुमी लेकराच्या मायले?"

कपाटात लटकवायचा जुना वजनकाटा पडून होता. तिनं तो मला काढायला लावला. खिडकीच्या गजाला अडकवला. मग त्या बाईसमोर हात पसरून आपल्या मेडशी छाप हिंदीत म्हणाली, "बाई, वजन नहीं करते. झूला देते. तेरीच ओढनी दे."

बाईनं तिच्याकडे बघितलं.

आणि ओढणी दिली.

लेकरू आपल्या आईच्या वासाच्या कापडात बसलं. रडलंही नाही. मायनं हलकेच झोका दिला. झोका थांबला.

मग तिचा हात पाठीमागे आला.

पाच बोटं. मग दोन.

पाच किलो दोनशे, ओढणीसकट. मी गुपचूप लिहून घेतलं. इतकी मशिनं, इतक्या डिग्र्या, आणि त्या लेकराचं वजन मला माझ्या मायच्या बोटांनी सांगितलं.

गाठोडं सुटलं. ती बाई सतरा दिवस राहिली.

माय तोवर गावी परतली होती. सिस्टर आणि मी रोज झोका द्यायचो. निघायच्या दिवशी बाईनंच मला विचारलं, "कितना हुआ?"

मी बाहेर येऊन मायला फोन लावला. "माय, ती आकडा विचारते. काय सांगू?"

"खरं सांग. मायनं सोता इचारलं का मंग खरंच सांगायचं. तोवर झोका."

कन्सेंट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्या आठवड्यात मी गावी आले ती मायच्या दुखण्यासाठी. औषधाचा डोस ठरवायला वजन हवं होतं. तिला उभं राहवत नव्हतं. मी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि काट्यावर उभी राहिले.

तिनं डोळे उघडले. "काय करून राह्यली?"

"काही नाही माय. झोका देऊन राह्यली."

हसली. सगळं कळलं तिला, अट्टल खोटारडीला कळणार नाही तर कुणाला. डोळे मिटून पडून राहिली.

तिला खाटेवर ठेवलं. काट्यावरच्या आकड्यातून माझं वजन वजा केलं. आणि हात पाठीमागे नेऊन मागे उभ्या असलेल्या दादाला बोटांनी सांगितलं.

आधी तीन. मग एक. एकतीस किलो.

दादा बाहेर निघून गेला.

माय, तू विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं. तू शेवटपर्यंत विचारलं नाहीस.

तुझ्या त्या एका खोट्याला माझा नमस्कार, माय.