शाळेच्या मैदानावरची सावली, आमच्या हिशेबाने

आयटीवाल्यांसाठी शाळेच्या मैदानालगत पूर्वेला बारा मजली इमारत येणार होती. बिल्डरच्या नकाशात सावली दाखवली होती ती भर दुपारची. इवलीशी. पोरांची कवायत सकाळी आठला असते, हे त्याला कोणी सांगायचं? आम्ही पालक सांगणार होतो. महापालिकेतल्या सुनावणीला पत्रक हवं होतं आणि पत्रकात तासातासाच्या सावलीचा आलेख.

आलेखाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं. कसबा पेठेतल्या डीटीपीवाल्या काकांकडे लेझर प्रिंटर होता. पान कसं छापायचं ते त्याला एका भाषेत लिहून कळवायचं, आणि त्या भाषेला थोडं गणितही येत होतं. साइन, कोसाइन होते. टॅन नव्हता, सूर्याची उंची काढायला लागणारा उलटा साइनही नव्हता. नाही तर नाही! टॅन म्हणजे साइन भागिले कोसाइन, एका ओळीत बसवला. उलटा टॅन मात्र होता; त्यात वर्गमूळ घालून उलटा साइन काढला.

"अहो, तो प्रिंटर आहे, गणिताचा मास्तर नाही," काका म्हणाले.

"मग आजपासून होईल."

पहिला कागद आला. त्यात सावली जवळजवळ नव्हतीच.

काकांनी चष्मा वर केला. "आपण शाळेकडून की बिल्डरकडून?"

चूक माझीच. कॉलेजच्या सवयीने मी सगळे कोन रेडियनमध्ये दिले होते. यंत्र अंशांत मोजत होतं, त्याला सगळे कोन शून्यालगतचे वाटले, म्हणून दिवसभर सूर्य डोक्यावर. रेडियन खोडले. दुसऱ्या कागदावर हिवाळ्यातल्या आठच्या सावलीने अख्खं मैदान झाकलं.

सुनावणीत बिल्डरचा इंजिनिअर हसला. "मॅडम, हे कुठल्या पॅकेजमधून काढलंत?"

"कुठल्याच नाही. प्रिंटरला शिकवलं."

"मग मानायचं कसं?"

"मानू नका. उद्या आठला मैदानात या, बांबू रोवते. सावली तुम्हीच मोजा."

इंजिनिअर आला नाही. सुनावणी घेणारे साहेब मात्र आले, कुरकुरत. दहा फुटी बांबूची सावली त्यांनी स्वतः टेपने मोजली आणि आमच्या सूत्राच्या आकड्याशी ताडून पाहिली. बोटभर फरक. त्यांनी आकडा फाइलमध्ये लिहिला.

इमारत झाली, पण आठ मजली. आठ वाजता अर्ध्या मैदानावर ऊन येतं. लोक म्हणाले, जिंकलात. कसलं जिंकलात? उरलेल्या अर्ध्यात पोरं कुडकुडतात. मी नवं पत्रक काढलं, तो अर्धा भाग काळा छापला आणि ते पत्रक त्या इमारतीच्या प्रत्येक दारात टाकलं.