सवतीचं तळं

मंजुळाला हेवा करता यायचा, तो अगदी मन लावून. पारोळ्याजवळच्या त्या गावात कुणाचं लुगडं नवं, कुणाची म्हैस दुभती, हे तिला बघवत नसे आणि बघितल्यावाचून राहवतही नसे. पण सन पस्तीसच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, अभिमननं, सवत आणली आणि गावभर वाटला जाणारा तिचा हेवा एकाच माणसावर येऊन बसला.

सवत शेवंता अठरा वर्षांची, माहेर तापीकाठचं. बारा वर्षं झाली तरी मंजुळाची कूस उजवली नाही म्हणून हे लग्न झालं. मंजुळानं ते तोंड दाबून सोसलं. न सोसून सांगते कुणाला? अभिमन तसा वाईट माणूस नव्हता, नुसता घुमा होता. बारा वर्षांत त्यानं बायकोच्या कौतुकाचा म्हणून एक शब्द खर्च केला नव्हता. आणि हाच गडी आता भर चैत्रात परसात कुदळ घेऊन तळं खणत होता! का, तर शेवंताबाईंना नदीची आठवण येते. गावची नदी होळीआधीच आटते, हा काय मंजुळाचा गुन्हा?

खड्डा झाला, कडेनं दगड बसले. विहिरीशेजारी चौथरा घालून त्यावर मोठा रांजण चढवला, बुडाशी भोक पाडून बांबूची पन्हळ लावली. रांजण भरून बोळा काढला की तळ्यात धार पडायची.

"मना माहेरना घाटवर अशीच धार पडस!" शेवंता टाळ्या पिटत म्हणाली. मंजुळानं चुलीतलं लाकूड उगाचच आपटलं.

पण तळ्यात पाणी काही टिकेना. अभिमन काळ्या मातीचा गिलावा करी, भिंतीसारखा दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवी, मग पाणी सोडी. संध्याकाळपर्यंत बुडाशी नुसता चिखल. असं तीनदा झालं.

"बठ्ठं पानी कोठे जास?" कपाळाला हात लावून त्यानं मंजुळाला विचारलं.

मंजुळाला ते पक्कं ठाऊक होतं. तिचा बाप लोटन पांझरा नदीच्या बागायतीवर पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी शेतोशेती पोचवायचं आणि पाट कुठं पाझरला तर बुजवायचा, हे त्याचं काम. त्याच्यामागं चिखल तुडवतच ती वाढली. नुसती काळी माती वाळली की तडकते. तिच्यात नाल्याची पिवळी चिकणमाती मिसळायची, टाचेनं दाबत थरावर थर चढवायचा आणि ओली आहे तोवरच पाणी सोडायचं. एवढीच तर गोष्ट. पण ती म्हणाली, "माले काय इचारतस?"

कारण शेवंता आता रडायला लागली होती. करमत नाही, माहेरी धाडा, असा तिनं धोशा लावला होता. अभिमननंही हात टेकले होते. सोमवारी तिचा भाऊ गाडी घेऊन येणार, असं ठरलं. एकदा गेली की ही कशाला परत येते? तळं गळत होतं आणि मंजुळाला गार वाटत होतं. देवापुढं दिवा लावताना ती सोमवारच मागत होती.

सोमवार उजाडला. शेवटचं एकदा बघू म्हणून अभिमननं माती कालवली आणि शेवंता पदर खोचून तुडवायला उतरली. तुडवणं कसलं, चवड्यांवर नाचणंच ते. काठावर बसलेला अभिमन हसत म्हणाला, "वा! काय झकास तुडवस!"

झालं. मंजुळाच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न सोसलं, तळं सोसलं, ती मेली धारही सोसली. पण जिला टाच कुठं टेकवायची ते कळत नाही, तिला झकास? ती तरातरा पुढं आली.

"सरक तठून! हाई काय फुगडी शे?"

आणि ती स्वतःच खड्ड्यात उतरली. अभिमनला तिनं पिवळ्या मातीसाठी नाल्यावर पिटाळलं, शेवंताला पाणी ओतायला लावलं. थरावर थर चढत गेले. मध्येच शेवंताचा भाऊ आला, बैल सोडून बघत बसला. कुणाकडं मान वर करून न बघता मंजुळा तुडवत राहिली. माती ओली आहे तोवरच तिनं रांजणाचा बोळा काढायला सांगितला आणि अभिमन आणि शेवंता तळं भरेपर्यंत विहिरीचं पाणी रांजणात ओतत राहिले.

पाण्याच्या रेघेवर अभिमननं काडी खोचली. दुपार कलली तरी पाणी काडीला टेकलेलंच. त्यानं मंजुळाकडं बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, केस विस्कटलेली.

"मंजुळा," तो म्हणाला, "तुनासारखं कोनलेच जमत नही."

मंजुळाला भरून आलं. हे ऐकायला बारा वर्षं लागली होती. ती काही बोलणार तोच शेवंतानं तळ्यात पाय सोडले आणि भावाकडं वळून हाक दिली, "दादा, तू जाय! मी येत नही. पानी टिकनं!"

भावानं बैल जुंपले. रिकामी गाडी वेशीतून बाहेर पडली. मंजुळा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. कौतुकाचा एक शब्द मिळाला होता, आणि त्या शब्दापायी तिनं आपल्याच टाचांनी सवत घरात पक्की बसवली होती.