पूजेतली साखळी

मंडपाचं सामान आणि जनरेटर भाड्याने देण्याचा धंदा मी सोलापुरात सव्वीस वर्षं केला. आता गुडघे साथ देत नाहीत, धंदा पुतण्या बघतो. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती लिहितो.

आमचा मोठा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला होता. वजन टनाच्या आसपास. जीपच्या हुकात ट्रॉली अडकवली की वरून पिन घालायची, पिन उसळू नये म्हणून तिच्या टोकाला क्लिप, आणि एवढं करूनही सुटलीच तर ट्रॉली धरून ठेवायला साखळी. ड्रायव्हरला हे मीच शिकवलं होतं.

त्या खंडेनवमीला पान्हे, जॅक, क्लिप, साखळी सगळं धुऊन पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. दुपारी अक्कलकोटच्या एका मंडळाचा फोन आला. त्यांचा जनरेटर बंद पडला होता.

ड्रायव्हर माढ्याकडचा. म्हणाला, "मालक, साखळी पाटावर हाय. घिऊ का?"

"पूजेतलं उचलू नकोस. पिनेला क्लिपऐवजी तार पिळ."

"पूजा तर जीपचीबी झाली की. मग ट्रॉली काय मी वढत नेऊ?"

"लई शहाणा हायेस. हळू जा म्हंजे झालं."

तो हसला, तार पिळली आणि गेला.

वाटेत एका गतिरोधकावर तार तुटली, पिन उसळली आणि ट्रॉली सुटली. कडेने सायकल हातात धरून चाललेल्या एका माणसाचा पाय चिरडला. मी पोहोचलो तेव्हा हवालदार साखळीचं विचारत होता. मी म्हणालो, "मी दिली होती. यानं लावली नाही."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला.

केस त्याच्यावर झाली. त्यानंतर गावात कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. तो भवानी पेठेत एका कारखान्याच्या दारावर रखवालदार म्हणून बसायला लागला. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. तोही म्हातारा झालाय. त्याची बायको चहा घेऊन आली, तेव्हा तिच्यासमोरच सगळं सांगितलं. साखळी मीच लावू दिली नाही, खोटं मी बोललो.

ती नवऱ्याकडे वळली. "मला का न्हाय सांगितलं कदी?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू म्हनलीस, मालक कशाला खोटं बोलतील."

ती खाली बसली. मग मी काठी शोधली आणि उठलो. तो दारापर्यंत सोडायला आला नाही.