उघड्या छातीवरचं कार्ड

वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं. जुनी रीत आहे, आणि माझ्यासारख्या पोटवाल्याला ती दरवेळी लाजवते. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढच्या माणसानं शर्ट काढला, नीट घडी घालून काखेत धरला, पण गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काही काढेना. त्यावरचं नाव घामानं पुसलं होतं आणि फोटोत नुसता भांग उरला होता.

नंदीपाशी पोचल्यावर त्यानं ते कार्ड दोन बोटांत धरून नंदीच्या डोळ्यांसमोर नेलं, क्षणभर थांबला आणि मगच पुढं सरकला.

"देवाला कार्ड कशाला?" मी विचारलं.

"शेंद्र्याला कंपनीच्या गेटवर नऊ वर्सं असंच दाखवलं," तो म्हणाला. "मागल्या आठवड्यापासून तिथं चालत नाय. ठेका संपला म्हणले. म्हणलं, इथं तरी चालतं का बघावं."

माझ्यामागचे म्हातारबाबा हे ऐकत होते. त्यांनी कनवटीतून आधार कार्ड काढून हातात धरलं. माझं गाडीत राहिलं होतं, आणि खरं सांगतो, मला धडकी भरली.

उंबऱ्यावर पुढच्या माणसानं कार्ड पुढं केलं. पुजाऱ्यानं न बघताच त्याला दंडाला धरून आत ओढलं. "चला, बसा खाली, हात लावा पिंडीला."

बाहेर तो शर्टाची बटणं लावत होता, वरचं खाली, खालचं वर. कार्ड गळ्यातून काढून त्यानं खिशात टाकलं.

"बघितलं ना भाऊ," तो हळूच म्हणाला, "पाहिलंच नाय त्यांनी. तसंच घेतलं आत."