रांगेत शेवटचे

“मंडळाच्या इतिहासात त्र्यंबकरावांचे स्थान अढळ राहील,” असे आमचे अध्यक्ष रावबहादूर शोकसभेत म्हणाले. विधान खरे आहे. बुलढाण्याच्या आमच्या पक्षिनिरीक्षक मंडळात वीस-बावीस वर्षे त्र्यंबकरावांचे स्थान जराही हलले नव्हते. ते रांगेत शेवटचे होते.

त्र्यंबकराव कोर्टात नाझर आणि मंडळाचे चिटणीस. रविवारच्या फेरीला बैलांच्या दमण्या ठरवणे, चिवडा बांधून घेणे, रावबहादुरांची घडीची खुर्ची आठवणीने उचलणे ही त्यांची कामे. मंडळाकडे दुर्बीण एकच. एक गोरा साहेब बदली होऊन जाताना ती ठेवून गेला होता. तिच्यातून आधी कोणी पाहायचे हे हुद्द्यावर ठरे. आधी रावबहादूर, मग सरकारी वकील, मग डॉक्टर, मग तहसीलदार, मग माझ्यासारखा हायस्कुलातला मास्तर. आणि चिटणीस पडला यजमान, म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी. प्रत्येक जण दुर्बीण डोळ्यांना लावी, “वा!” म्हणे आणि पुढे देई. ती त्र्यंबकरावांच्या हाती येईपर्यंत पक्षी आपल्या कामाला निघून गेलेला असे. ते रिकाम्या बाभळीकडे एकदा बघत, काचा पुसत आणि दुर्बीण कातडी पेटीत घालून पेटी खांद्याला अडकवत. एकदा रोहिणखेडहून परतताना दमणीत ते मला म्हणाले, “मास्तर, मरायच्या आंधी एकडाव मले पयले पाहाचं हाय. पाखरू असतानी.”

गेल्या हिवाळ्यात मंडळाला त्यांच्या दीर्घ सेवेचा सन्मान करण्याची लहर आली. सभा भरली, हार आले, रावबहादुरांनी आपल्या तरुणपणच्या शिकारींवर भाषण केले आणि शेवटी सत्कारमूर्तींचा उल्लेखही केला. द्यायचे काय, यावर आधी बराच खल झाला होता. मंडळाकडे देण्याजोगी वस्तू एकच निघाली. दुर्बीण त्र्यंबकरावांच्या हातात ठेवत रावबहादूर म्हणाले, “आता ही तुमची.” आणि खाली बसता बसता, “रविवारी घेऊन याल ना?”

त्या रविवारी माळावर माळढोक दिसला. उंच गवतात मान काढून तो सावकाश चालला होता. सवयीने सगळ्यांनी रावबहादुरांकडे पाहिले, रावबहादूर म्हणाले, “छे छे, आज नाझरसाहेब.” त्र्यंबकरावांनी दुर्बीण लावली. मागे आम्ही हुद्देवार उभे. माळढोकानेही बराच धीर धरला. अखेर त्र्यंबकराव म्हणाले, “वा!” आणि दुर्बीण रावबहादुरांना दिली.

परतताना चढण लागल्यावर ते हळूच म्हणाले, “मास्तर, मले काईच दिसलं नाई. निरं आभाय, नाई तं गवत. पाखरू सापडलंच नाई त्याच्यात.”

“मग ‘वा’ काऊन म्हटलं?”

“सारेच म्हनतात ना जी...”

मीही इतकी वर्षे “वा” म्हणत आलो होतो.

उन्हाळा लागता लागता ते तापाने गेले. शोकसभेत दुखवट्याचा ठराव झाला आणि लगोलग दुसरा, की दुर्बीण रविवारपुरती मंडळाला मिळावी. ती मागण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काशीवहिनी ओट्यावर बसून दुर्बिणीतून समोरच्या लिंबाकडे बघत होत्या.

“या भाऊजी. पेटी न्याची तं न्या. हे नाई भेटनार.”

“दिसतं का काही, वहिनी?”

“न दिसाले काय झालं? आंधी पाखरावर नजर ठेवाची अन् मंग ती न हालवता काच डोयापुढं आनाची. त्यायले दहा डाव सांगतलं. पन ते आंधी काच लावत, अन् मंग पाखरू धुंडत. रोज बसत इथं. म्हनत, काशे, यात तं साधा कावया सापडत नाई.” त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. “अखेरीले सापडला. तापात व्हते, मी धरून बसवलं व्हतं. ‘दिसला, दिसला!’ म्हनून केवढ्यानं ओरडले... मले वाटलं, वात झाला.”

“कोण दिसला?”

“कावया, दुसरं कोन?”

मी पेटी घेऊन परत आलो. तिचा पट्टा त्यांच्या खांद्याच्या वळणावर वाकून कायमचा तसाच राहिला आहे. खुंटीला अडकवली तरी ती कुणाच्या तरी खांद्यावर असल्यासारखीच लटकते. मंडळाने नवी दुर्बीण मागवण्याचे ठरवले आहे. तोवर सभासद नुसत्या डोळ्यांनी पाहतात. गेल्या रविवारी मंडळाच्या इतिहासात प्रथमच एक पक्षी सगळ्यांना एकाच वेळी दिसला. तो कावळा होता.